कलम चौदा आणि पूर्वेची खिडकी

घर राहण्यासाठी असते, हा गैरसमज मुख्यतः घर नसलेल्या लोकांनी पसरवला आहे. घर परताव्यासाठी असते. त्यात माणूस शिरला की भिंतींना डाग पडतात आणि परतावा घटतो.

हे सत्य चष्मेवाल्यांना एकावन्नाव्या वर्षी उमगले. चष्म्याच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार होता. तिथे भरदुपारी दिवा लावून त्यांची बायको शाळेचे गणवेश शिवत असे. तिला सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा चष्मेवाल्यांनी तिला नवा नंबर काढून दिला. तीन वर्षांत तीनदा (घरचे गिऱ्हाईक म्हणून फ्रेमवर सवलत दिली, काचांवर नाही).

गुंतवणुकीसाठी त्यांनी एकेचाळीस फ्लॅट पाहिले. फरशीवर गोटी सोडून उतार पाहिला आणि शेजाऱ्यांच्या दारातल्या चपला मोजून त्यांच्या पाहुण्यांची सरासरी काढली. एक फ्लॅट पसंत पडला, तेव्हा मूल्यांकनासाठी बँकेचा माणूस आला. तो सात मिनिटे थांबला, पैकी पाच फोनवर बोलत होता. त्याने काढलेली किंमत कर्जाला लागणाऱ्या किमतीशी तंतोतंत जुळली. शास्त्र शास्त्र म्हणतात ते हेच. कर्ज वीस वर्षांचे, जामीन मेहुणा (त्याने फ्लॅट पाहिलेला नाही).

या फ्लॅटच्या स्वयंपाकघराला पूर्वेची मोठी खिडकी होती. दर रविवारी नवरा-बायको निगा राखायला जात. चष्मेवाले नळ सोडून बघत, पंखे दहा-दहा मिनिटे फिरवत. बायको तेवढा वेळ शिवण घेऊन खिडकीशी बसे.

एकदा ती म्हणाली, "अहो, इथं चष्म्याशिवाय दोरा ओवला मी. इथंच राहायला येऊ या ना."

"आपणच राहिलो तर भाडं कोण देणार?" चष्मेवाले म्हणाले. प्रश्न बिनतोड होता.

भाडेकरूसाठी त्यांनी सदतीस कलमांचा करार स्वतःच्या हाताने लिहिला. कलम तीन, खिळा ठोकू नये. कलम नऊ, मोठ्याने हसू नये. कलम चौदा, भाडेकरूखेरीज अन्य कोणीही, नात्याने कितीही जवळचा असला तरी, रात्री मुक्काम करणार नाही. सत्तावीस इच्छुक येऊन गेले. नऊ जण तळण करणारे निघाले, आठ जणांना मुले होती, सहा जणांना नातेवाईक होते आणि तीन जण बोलता बोलता भिंतीला टेकले. उरलेल्या एकाने करार वाचला आणि तो जिना उतरून गेला.

अकरा महिने फ्लॅट रिकामा राहिला. हप्ता मात्र दर पाच तारखेला न चुकता जात होता. शेवटी एका सकाळी बायको दुकानात आली, दोन गिऱ्हाइकांच्या मागे उभी राहिली आणि नंबर आल्यावर तिने अठ्ठाविसावा अर्ज पुढे केला. सोबत गणवेशांच्या शिलाईतून साठवलेली अनामत रक्कम होती. चष्मेवाल्यांनी आठवडाभर खोट शोधली. सव्वीस वर्षांत त्यांनी तिच्यात शंभर उणिवा दाखवल्या होत्या, त्यांतली एकही कराराच्या कामी येईना. ओळखीच्या माणसाचा चांगल्या वागणुकीचा दाखला लागत होता, तोही त्यांनाच द्यावा लागला.

पहिल्या संध्याकाळी चष्मेवाले उशी काखेत मारून फ्लॅटवर गेले. बायकोने कलम चौदावर बोट ठेवले.

"अगं, ते परक्यांसाठी आहे."

"तसं कुठं लिहिलंय? 'नात्याने कितीही जवळचा.' अक्षर तुमचंच आहे."

"मग खोडून टाकतो."

"राहू द्या हो, चांगली अट आहे. चहा घेऊन जा."

आज परतावा तीन पूर्णांक एक दशांश टक्के आहे. भाडे दर एक तारखेला मिळते आणि भिंतींवर डाग नाही. चष्मेवाले आदल्या दिवशी लेखी सूचना देऊन रविवारी तपासणीला जातात व आठ वाजता दुकानामागे परततात. बायकोवाचून करमत नाही, असे त्यांनी तिला दोन सूचनांच्या तळटीपेत कळवले आहे. तिचा नंबर वाढायचा थांबला आहे. त्यांचा वाढला (सवलत मिळाली नाही).

आपल्याला चष्मेवाल्यांचे हसू आले असेल. आपल्याही घरी उजेडाची खोली पाहुण्यांसाठी झाकून ठेवलेली असते आणि आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात कोणीतरी डोळे ताणून काम करत असते. तिला एकदा खिडकीशी बसवून बघा. पण त्याआधी, आजवर घरात काय काय नियम केलेत, ते आठवून ठेवा. उजेडात तिला सगळे वाचता येईल.