तीन शिंकांच्या दौलतीची हकीकत

श्री. अग्नीस नमन, उखळास नमन, आणि वाचणाराचे नाकास विशेष नमन. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, वैशाख मासी, मिरची वाळोन खडखडीत जाहली ते समयी एका मुलखात, ज्याचे नाव सांगणे नलगे, जे वर्तमान जाहले ते येणेंप्रमाणे.

त्या मुलखी द्वारकाबाईसाहेब मसाल्याची दौलत राखोन होत्या. दौलत म्हणजे पत्र्याची एक शेड, लोखंडी मुसळांची चार कांडपे आणि आठ बायांची फौज. मसाला कुटणारे मुलखात उदंड, परंतु बाईसाहेबांचा कायदा आगळा. गिऱ्हाइकाने आपली मिरची, आपले धणे आणावे, कांडपाशेजारी बसावे, आणि घाणा उतरला की बाईसाहेबांची स्वारी यावी, चिमूट नाकाशी धरावी आणि शिंकावे. तीन शिंका म्हणजे झणझणीत, दोन म्हणजे मध्यम, एक म्हणजे शहरच्या पाहुण्यांसाठी. शिंक न आली तर घाणा माघारा उखळात. शिंक आली की बरणीवर ‘शिंकमान्य’ ऐसी चिठ्ठी लागे. इतर मुलखात कोणी शिंकले तर लोक उंबऱ्यात थबकतात, येथे शिंक ऐकोन लोक निघत असत. ऐसी कीर्ती जाहली, आणि बावीस वर्षांत बाईसाहेबांनी एकही शिंक दुसऱ्या कोणास सोपविली नाही.

मग ही कीर्ती थोरल्या शहरी एका शेटजींचे कानी गेली आणि त्यांनी यशोधनपंत नामे वकील धाडिला. पंत विलायती विद्या शिकोन आलेले, अंगात कोट, तोही वैशाखात. घाम पुसोन बोलिले, “बाईसाहेब, शेटजी चाळीस शहरांत तुमची दुकानं काढू म्हणतात. पण चाळीस ठिकाणी तुम्ही शिंकणार कशा?”

“एसटी आहे की,” बाईसाहेब म्हणाल्या.

“आपण वास ओळखणारं यंत्र बसवू.”

“त्याच्या डोळ्यांत पाणी येतं का?”

अखेर मसलत ऐसी ठरली की अक्षय तृतीयेस दुपारी तीन वाजता शेटजी जातीने येतील, कारभार पाहतील, मनास आला तर चाळीस ठाणी देतील, न आला तर नदीपलीकडील पाकीटबंद मसालेवाल्याकडे वळतील. बाईसाहेबांचे मनी चाळीस ठाण्यांचा मोह उपजला, आणि मोह उपजला म्हणोन शेटजींस कुल्फी कोणती द्यावी ही चिंता उपजली, आणि चिंतेपायी आदले दिवशी त्यांनी पाच दुकानांच्या कुल्फ्या स्वतः चाखोन पाहिल्या. सकाळी उठतात तो नाक भिंतीसारखे बंद.

बाईसाहेबांनी ही वार्ता कोणास कळू दिली नाही. पहिला घाणा उतरला, चिमूट नाकाशी धरिली, शिंक नाही. घाणा माघारा. दुसरा, तिसरा, माघारा. कायदा म्हणजे कायदा, फौज कुटत राहिली. दुपारपर्यंत सात घाणे तीन तीन वेळा कुटले गेले, फडताळात बरणी एक नाही, रांग चौकापावेतो गेली. “अहो, मसाला करायला आणलीय मिरची, रांगोळी करायला नाही!” ऐसा एका बाईंनी पुकारा केला. आणि तिहेरी कुटलेला मसाला धुळीहून बारीक होवोन वाऱ्यावर चढला, आणि रांग शिंकू लागली, समोरचा सायकलवाला शिंकू लागला, बँकेचा पहारेकरी बंदूक सांभाळीत शिंकू लागला, आणि त्याच धुरळ्यात शेटजींची मोटार येवोन थांबली, आणि शेटजी उतरतात तो शिंकत, मागोमाग पंत कोटासहित शिंकत.

पहिल्या कांडपावर पहिल्या दिवसापासोन बसणाऱ्या फुलाबाई. त्या मुसळ थांबवोन उठल्या आणि म्हणाल्या, “बाई, आख्खा चौक शिंकतोय, तुम्हीच तेवढ्या राहिलात. मसाला बिघडलाय का तुमचं नाक?”

बाकीची मुसळेही थांबली, शिंका मात्र थांबल्या नाहीत. बाईसाहेबांनी पदराचा दोरा ओढोन हाती धरिला. वात करोन नाकात घालावी, एक खोटी शिंक काढावी, चाळीस ठाणी घ्यावी. बाविसा वर्षांत शिंक खोटी जाहली नव्हती. हात नाकापर्यंत गेला, आणि तेथोन खाली आला.

“मला पडसं झालंय,” बाईसाहेब बोलिल्या. “सकाळपासून. घाणे सगळे पहिल्याच फेरीत चांगले असणार. चूक माझी. सातही जणींना नवी मिरची मी देते.”

“मग आता शिंकायचं कुणी?” शेटजींनी डोळे पुशीत पुसिले.

बाईसाहेबांनी रांगेकडे पाहिले. बावीस वर्षे त्या बाया शेजारी बसोन चिमटीकडे डोळे लावीत आल्या होत्या. मग हुकूम जाहला, “जिची मिरची, तिनं शिंकावं. खाणार तीच आहे.”

फुलाबाईंनी नवा घाणा उतरविला, पुकारा करणाऱ्या बाईंनी चिमूट धरिली, तीन शिंकल्या, आणि रांगेने टाळ्या वाजविल्या. पंतांनी वही उघडोन लिहिले की नाके गिऱ्हाइकासमवेतच येतात, यंत्र नलगे. शेटजी संतुष्ट होवोन चाळीस म्हणाले. बाईसाहेब म्हणाल्या, “आधी दोन. तोंडावर बोलणारी फुलाबाई तिथं सापडली की तिसरं.” शेटजींनी ते मान्य केले आणि कुल्फी दोन वेळा मागितली.

चवथे दिवशी नाक मोकळे जाहले. बाईसाहेबांची स्वारी हौसेने शेडमध्ये आली, वाटेतल्या घाण्याची चिमूट धरिली, आणि पूर्वीच्या थाटात तीन शिंका दिल्या. कोणी मान वर केली नाही.

“तुमची मिरची आणलीय का बाई?” फुलाबाई म्हणाल्या. “मग रांगेत या. तेविसावा नंबर.”

बाईसाहेब घरी जावोन मिरची घेवोन आल्या आणि चोविसाव्या जाहल्या. येणेंप्रमाणे एका नाकाची दौलत बहुतांची जाहली, कोणाचे काही उणे जाहले नाही, फक्त पंतांचा कोट अद्याप धुतला जात आहे. इतिश्री.