वरचं बटण

हौशीरामला मोबाईलमधलं सगळं कळतं, हे अख्ख्या मळ्याला माहीत होतं. कारण त्यानंच ते सगळ्यांना सांगितलं होतं! कुणाचा आवाज येईना, कुणाचा फोटो जाईना, की मंडळी फोन घेऊन त्याच्या ओट्यावर हजर. मग हौशीराम चष्मा कपाळावर सरकवायचा, फोन तळहातावर तोलून बघायचा आणि बंद करून पुन्हा चालू करायचा. बहुतेक फोन तेवढ्यानंच सुधारत. जे सुधारत नसत, त्यांच्या मालकांना तो "माल मुळातच खराब हाय" असं सांगून वाटेला लावायचा.

त्याचा एक नियम होता. "दोन बटणं दिसली, की वरचं दाबायचं. भारीतली चीज कंपनी कायम वर ठेवती!"

तर अशा या जाणकाराच्या लेकीला, स्नेहलला, जुन्नरकडचे पाहुणे बघायला येणार होते. मुलगा संदेश चाकणच्या कारखान्यात सुपरवायझर. दोघं फोनवर बोलली होती आणि स्नेहलला मुलगा मनापासून आवडला होता. तिनं ते आईला सांगितलं, आईनं, म्हणजे नंदाबाईनं, नवऱ्याला सांगितलं आणि वर बजावलं, "आता तुमी काय घोळ घालू नका म्हंजे झालं."

पण घोळ आधीच घालून झाला होता! मुलाच्या वडिलांशी, केरबा पाटलांशी, हौशीरामचं बोलणं नुसतं मेसेजवर चालायचं. समोर माणूस नसला की थाप मारायला जीभसुद्धा लागत नाही, अंगठा पुरतो. त्यानं कळवून टाकलं होतं, की आमच्या दावणीला शर्यतीचा बैल आहे. शिवाय आमचं घर एवढं सोवळं, की घरात अंडंसुद्धा फुटत नाही. खरं म्हणजे दावणीला एक शेळी होती, आणि गेल्या आठवड्यापर्यंत अंड्यांचे ट्रेच्या ट्रे रिकामे होत होते.

सकाळी पाहुणे जुन्नरहून निघाले. केरबांचा मेसेज आला : 'लोकेशन पाठवा.'

"बाबा, द्या हिकडं, मी पाठवते," स्नेहल म्हणाली.

"तू साडी नेस. ही कामं बायामाणसांची न्हाईत."

"मोबाईल मीच आणून दिलाय तुमाला!"

हौशीरामनं ऐकलं नाही. स्क्रीनवर दोन पर्याय आले. वर लाईव्ह लोकेशन, खाली साधं लोकेशन. आता क्रिकेटची मॅच लाईव्ह बघायची सोडून दुसऱ्या दिवशीची शिळी कोण बघतं? त्यानं वरचं दाबलं. मग फोननं विचारलं, किती वेळ? सगळ्यात जास्त आठ तास होते, त्यानं आठ तास केले. पाहुण्यांना उशीर झाला आणि मधेच घर नकाशावरून गायब झालं, तर केवढी नामुष्की!

घर नकाशावर चिकटवून हा निश्चिंत मनानं शेजारच्या गावी, उर्शाला निघाला, आतेभाऊ भिमाजीचा बैल आणायला. फोन अर्थातच खिशात होता.

बैलाचं नाव तुफान. शर्यतीचा होता हे खरं, पण ते फार पूर्वी. आता तो स्वभावानं निवृत्त मास्तर झाला होता. 

"एक लक्षात ठेव," भिमाजी म्हणाला. "फोनच्या रिंगला बुजतो. एकदा बुजला की थेट शर्यतीच्या घाटाकडं पळतो बघ."

हौशीरामनं फोन सायलेंटवर टाकला आणि कासरा धरून घराकडं, सोमाटण्याच्या वाटेला लागला. 

इकडे पाहुण्यांची गाडी तळेगावात आली. केरबांनी फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. उचलेना. पण नकाशावर ठिपका दिसत होता. ड्रायव्हर गोंधळून म्हणाला, "मालक, यांचं घर चालतंय!"

"घर कसं चालंल?"

"हे बघा की. मगाशी उर्शात होतं, आता रस्त्यावर आलंय."

"जाऊ दे, तू ठिपक्याच्या मागं घे," केरबा म्हणाले.

थोड्याच वेळात गाडीपुढं एक बैल आला. रस्ता अरुंद, बैल मधोमध आणि त्याला कसलीच घाई नव्हती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तुफान जागच्या जागी थांबला.

हौशीराम गर्रकन वळला. "ए शहाण्या! डोळं हायेत का बटणं? जनावर दिसत न्हाई व्हय?"

केरबांनी काच खाली घेतली. "भाऊ, जरा कडंला घ्या की. आमाला पाव्हण्यांकडं जायचंय."

"मग काय आमाला पाव्हणं न्हाईत? मला बी पाव्हणंच यायच्यात! त्यांच्यासाठीच हे धूड वढत आणलंय!"

"म्हंजे?"

अनोळखी माणसाला मन मोकळं करायला काय जातं? हौशीराम खिडकीपाशी आला. "अवो, पोरीला बघायला येत्यात. जुन्नरकडची माणसं, त्यांना शर्यतीचं लय येड. मी सांगून बसलो, दावणीला बैल हाय. आता दावं रिकामं दाखवू?"

केरबांनी फोनकडं पाहिलं. त्यांचा ठिपका आणि मुलीच्या बापाचा ठिपका एकमेकांना चिकटले होते. त्यांनी फोन हळूच उलटा मांडीवर ठेवला.

"बरं केलंत. आजून काय काय सांगितलंय?"

"हेच, घरात अंडं फुटत न्हाई म्हनून. पाव्हण्याचं घराणं जरा सोवळं वाटलं वो. तोंड वंगाळ झालंय आठवडाभर! एकदा पाव्हणं गेलं, की थेट ढाबा गाठतो."

मागच्या काळ्या काचेआड कुणालातरी जोराचा ठसका लागला. 

"तुमी व्हा म्होरं," केरबा म्हणाले. "आमी जरा च्या पिऊन येतो."

"या या! आन् कुटं बोलू नका बरं का!"

घरी येऊन हौशीरामनं बैल बांधला, कडक इस्त्रीचा सदरा चढवला, टोपी घातली आणि दारात उभा राहिला. गाडी आली. तीच गाडी! दार उघडलं. तोच माणूस! 

हौशीरामनं मागं वळून पाहिलं. आत नंदाबाई पोह्यांवर खोबरं घालत होती, स्नेहल पदर सावरत होती. या लेकीचं लग्न आपण भर रस्त्यात, स्वतःच्या तोंडानं मोडलं! त्याला रडूच यायला लागलं.

"राम राम!" केरबा म्हणाले. जणू पहिल्यांदाच भेटत होते. 

बघण्याचा कार्यक्रम झाला. स्नेहल आणि संदेश अंगणात जाऊन बोलून आली, दोघंही हसतच परतली. हौशीराम मात्र खुर्चीच्या टोकावर बसून होता. शेवटी केरबा उठून दावणीपाशी गेले आणि बैलाच्या पाठीवर हात फिरवू लागले.

"जनावर नामी हाय. कधीपास्नं हाय तुमच्याकडं?"

नंदाबाई घाईनं म्हणाली, "वासरू असल्यापास्नं!" तिला तसंच पढवलं होतं.

"आसं?" केरबांनी हौशीरामकडं पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता. "पाव्हणं, लेकीसाठी उन्हातान्हात बैल वढणारा बाप लय दिवसांनी बघितला. पोरगी आमाला पसंत हाय. बैलाचं मात्र मालकाला इचारून ठरवू."

सगळे हसले. नंदाबाई सोडून, तिला काही कळलंच नाही. हौशीरामला इतकं हलकं वाटलं, की त्यानं केरबांना कडकडून मिठी मारली. एवढ्या मोठ्या तालुक्यात नेमका हाच माणूस नेमक्या त्याच रस्त्यावर भेटावा, याला दैव म्हणतात, असं त्याचं ठाम मत झालं.

पाहुणे गेले. दिवस कलायच्या आत त्यानं तुफानला उर्शाला पोचवलं आणि ठरल्याप्रमाणे थेट ढाबा गाठला. अंडाकरी आली. वर तर्री, कडेला कांदा. पहिला घास तोंडात गेला आणि टेबलावरचा फोन थरथरला. केरबांचा मेसेज.

'पाव्हणं, ढाबा झ्याक हाय. सुकं मटण घ्या. अंडाकरी नको, तुमच्या घरात चालत न्हाई.'

हौशीराम चावायचं विसरला. त्यानं टेबलाखाली वाकून पाहिलं. मागं वळून पाहिलं. वेटरकडंही जरा संशयानंच पाहिलं. तेवढ्यात दुसरा मेसेज.

'आन् ते लाईव्ह आता बंद करा. सकाळपास्नं सगळं घर तुमचा ठिपका बघतंय.'

आता कुठं डोक्यात उजेड पडला! म्हणजे ते दैव नव्हतंच, ते वरचं बटण होतं. बंद करायला हवं, ताबडतोब! पण कुठून? घाम फुटला, बोटाला तर्री लागलेली. अशा वेळी माणूस आपल्या नियमाला धरून राहतो. त्यानं अगदी वरचं बटण दाबलं.

व्हिडिओ कॉल लागला! स्क्रीनवर केरबा, त्यांची बायको, संदेश आणि दोन आत्या असे सगळे दाटीवाटीनं बसले होते. आणि त्यांच्यासमोर, अख्ख्या स्क्रीनभर, हौशीरामचा फुगलेला गाल. आत अंडं होतं.

"खावा, खावा, सावकाश," केरबा म्हणाले. "आठ तास व्हायला आजून येळ हाय."