रडका रणसुळा

एका जंगलात, बाळांनो, प्यायला पाणी नव्हतं, पण चित्रपट महोत्सव दरवर्षी व्हायचा. चुळबुळ करू नका, नीट ऐका. तुमच्यापैकी कुणाला मोठेपणी दिग्दर्शक व्हायचं असेल, तर त्याने पुढे येऊन बसावं.

त्या जंगलात गोंदाजी नावाचं एक साळिंदर राहायचं. गोंदाजीला लहानपणापासून एकच वेड होतं, रणसुळ्याच्या पुस्तकांचं. रणसुळा हा त्या पुस्तकांचा नायक. जातीचा रानडुक्कर, खांद्यावर ही मोठी कुऱ्हाड. दर पुस्तकात तो एक राक्षस मारायचा, एक राज्य जिंकायचा, ते दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकायचा आणि पुढच्या डोंगराकडे चालू लागायचा. पुस्तकांचा कागद इतका हलका, की वाळवीसुद्धा नाक मुरडायची. मुखपृष्ठावर विजा कडाडत असायच्या, मग आत भर दुपारची गोष्ट का असेना.

शहाणी जनावरं या पुस्तकांना हसायची. गोंदाजीही काही त्यांना थोर मानत नव्हता. पण ती पुस्तकं फसवायची नाहीत. राक्षस येणार म्हटलं, की राक्षस यायचा. वणव्यात गोंदाजीचं बीळ जळालं, आई गेली, तेव्हा त्याला कुणी जवळ घेतलं नाही. साळिंदराला कोण जवळ घेणार? त्या पावसाळ्यात तो रणसुळ्याच्या मागोमाग डोंगर चढत राहिला आणि जगला. म्हातारपणी त्याची एकच इच्छा उरली होती. रणसुळ्याला एकदा पडद्यावर चालताना बघायचं.

आणि एक दिवस बातमी आली, की रणसुळ्यावर सिनेमा निघतोय! दिग्दर्शक होता नीलकंठ नावाचा मोर. परदेशातल्या जंगलात शिकून आलेला. गोंदाजी धावतच त्याच्याकडे गेला.

"या, या गोंदाजीकाका," मोर म्हणाला. "तुम्ही चाहते म्हणजे आमचं दैवत."

"पाताळातला राक्षस केवढा करताय?"

"राक्षस नाहीये, काका."

"नाहीये म्हणजे?"

"म्हणजे आहे, पण रणसुळ्याच्या मनात आहे."

"मग त्याला कुऱ्हाड कशी मारणार?"

"मारत नाही. रणसुळा त्याच्याशी बोलतो."

"किती वेळ?"

"मध्यंतरापर्यंत."

गोंदाजीचे काटे उभे राहिले. "आणि कुऱ्हाड?"

"ती त्याच्या बाबांची आठवण आहे. तो तिच्याकडे बघून रडतो."

रणसुळ्याचं काम एक हरीण करणार होतं. रानडुकराचं काम रानडुकरानेच केलं, तर त्यात अभिनय कुठे आला, असं मोराचं म्हणणं.

"तुम्ही पुस्तकं वाचलीत का हो?" गोंदाजीने विचारलं.

मोराने पिसारा फुलवला. "मुद्दामच नाही वाचली. नजर ताजी राहते."

बाळांनो, ज्या गोष्टीची लाज वाटते तिच्यावर सिनेमा काढू नये, एवढी अक्कल मुंगीलाही असते. पण मोराला रणसुळ्याचं नाव हवं होतं, त्या नावाला येणारी गर्दी हवी होती, आणि आपण त्या गर्दीतले नाही हेही दाखवायचं होतं. असल्या मोरांचा मला मनस्वी राग येतो.

गोंदाजी मग लेखकाकडे गेला. लेखक म्हणजे एक म्हातारं वटवाघूळ. आयुष्यभर उलटं लटकून लिहिलेलं.

"अण्णा, ते तुमच्या रणसुळ्याला रडवणार आहेत!"

"रडू दे की," वटवाघूळ म्हणालं. "मी एवढी पुस्तकं लिहिली. त्यात एकदा तरी रडला असेलच."

"एकदाही नाही!"

"मग तूच बघ बाबा काय ते. मला आता पेरूसुद्धा चावत नाही."

सिनेमाच्या पहिल्या खेळाला आटलेल्या धबधब्याजवळच्या पांढऱ्या कातळासमोर सगळं जंगल जमलं. त्या जंगलात एक रीत होती. ज्याचा सत्कार झाला, त्याने अंगावर शाल असेपर्यंत यजमानांबद्दल वावगा शब्द बोलायचा नाही. मोराला ही रीत पक्की ठाऊक होती. त्याने खेळाआधीच पुकारा केला, "रणसुळ्याचे सर्वांत जुने चाहते, गोंदाजीकाका!"

गोंदाजी विरघळला. ज्या वेडापायी जन्मभर लोक हसले, त्याच वेडासाठी आज टाळ्या पडत होत्या. त्याने मान वाकवली. शाल पाठीवर पडली आणि काट्यांत घट्ट अडकली.

सिनेमा सुरू झाला. हरीण तळ्याकाठी बसलं. पाण्यात स्वतःला बघितलं. रडलं. मग आभाळाकडे बघून रडलं. मध्यंतरानंतर त्याने एकदाची कुऱ्हाड उचलली. गोंदाजी श्वास रोखून पुढे सरकला. हरणाने ती कुऱ्हाड झाडाला टांगली आणि सिनेमा संपला. सशांनी हुंदके दिले. घुबडं म्हणाली, "प्रगल्भ!"

गोंदाजी ताडकन उठला. "अरे, हा रणसुळा..."

"काका, शाल," शेजारचा कावळा कुजबुजला.

गोंदाजीने शाल ओढली. निघेना. त्याने दात-ओठ खाऊन हिसडा दिला. शाल आली, आणि तिच्यासोबत मूठभर काटेही उपटून आले. पाठ रक्ताळली. पण आता तोंड मोकळं झालं होतं.

"हा रणसुळा नव्हे!" तो ओरडला. "असला भिकार सिनेमा मी जन्मात पाहिला नाही!"

दुसऱ्या दिवशी कोरड्या पाणवठ्यावर तो हेच ओरडला. तिसऱ्या दिवशी टेकडीवर. जो भेटेल त्याला तो थांबवायचा आणि हरीण कसं रडतं ते करून दाखवायचा.

"एवढं वाईट आहे तरी काय?" म्हणत अस्वल सिनेमाला गेलं. अस्वलाचं ऐकून तरस गेलं. माकडं तर टोळीने गेली. सिनेमा पंधरा दिवसांत उतरायचा, तो उन्हाळाभर चालला.

मोर मिठाई घेऊन गोंदाजीच्या बिळाशी आला. "काका, तुमच्यामुळे दुसरा भाग काढतोय. त्यात रणसुळा शेती करतो."

गोंदाजीने बिळाचं तोंड दगडाने बंद केलं. आपलं सर्वांत लाडकं पुस्तक काढलं, पाताळातल्या राणीचं. पहिलंच पान. कड्यावरून रणसुळा उतरतो. गोंदाजीने डोळे मिटून त्याला बघायला घेतलं, जसा तो साठ वर्षं बघत आला होता.

कड्यावरून हरीण उतरलं. डोळे पाणावलेले.

गोंदाजीने दुसरं पुस्तक उघडलं. तिथेही हरीणच होतं.

तात्पर्य: बाळांनो, आवडत्या पुस्तकावर भिकार सिनेमा निघाला, तर खरं बोलायच्या भानगडीत पडू नये. शाल पांघरून घ्यावी, दोन टाळ्या वाजवाव्यात आणि विचारणाऱ्याला सांगावं, "चांगला आहे, वेळ मिळाला तर बघा." मग कुणीही फिरकत नाही.