गाळीव पुरावा

"शून्य," अमरीननं सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढत स्वतःलाच सांगितलं. सलग तिसरी बाटली आणि तिसरं शून्य. सोमवारपासून तिला एकही हिरवा तंतू सापडत नव्हता आणि शनिवार जवळ येत होता.

२००८ सालची गोष्ट. चंद्रपूरच्या एका पाणी तपासणी प्रयोगशाळेत अमरीन कंत्राटावर रसायनतज्ज्ञ होती. मागच्या आठवड्यात भर बैठकीत ती बोलून गेली, की शहरातल्या क्लबनं फुटबॉलसाठी अंथरलेल्या प्लास्टिकच्या गवताचे तुकडे पावसाबरोबर नालीतून खालच्या बोडीत उतरतात. बोडी म्हणजे लहानसं तळं, आणि त्याचं पाणी काठची वस्ती पिते. अमरीन बोलली ते खरंच होतं, फक्त बोलताना क्लबचे सचिव गुणवंतराव शेजारीच बशीत चहा ओतत होते, हे तिच्या लक्षात आलं नाही. प्रयोगशाळेचे साहेब वामनरावही रोज संध्याकाळी त्याच गवतावर पोट कमी करायला जात. पोटानं अजून दाद दिली नव्हती.

"शनिवारपर्यंत प्लास्टिक दाखवा, मॅडम," वामनराव म्हणाले. "नाई सापडलं तर क्लबले माफीपत्र लिहून द्या. मंग तुमच्या कंत्राटाचं पाहू."

बोडीवरून पाणी आणायचं काम श्रीहरीकडे होतं. पन्नाशीचा, सरळ मनाचा शिपाई. तो बाटल्या इतक्या जपून आणायचा, की जणू बाटलीत गंगाजल असावं. आणि पाणीही तसंच, आरपार दिसणारं. ऑगस्टात जिथं म्हशी डुंबतात तिथलं पाणी इतकं नितळ कसं, हे अमरीनला उमगेना.

वामनरावांना मात्र लगेच उमगलं. "गवतामुळंच," ते म्हणाले. "नालीतला गाळ तिथं अडकते. पाणी साफ होऊन खाली जाते."

हे त्यांनी गमतीत म्हटलं होतं, पण गुणवंतरावांना गंमत कळत नसे. त्यांनी तेच कार्यालयाच्या कागदावर मागितलं. रोज खेळायला बोलावणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? वामनरावांनी सही केली, शिक्काही मारला. बुधवारी तो कागद चौकटीत बसून क्लबच्या दारावर लागला. गुरुवारी त्याची प्रत वरच्या कार्यालयात पोचली आणि तिथून फोन आला, की अहेरी आणि एटापल्लीकडच्या तळ्यांभोवतीही असंच गवत लावता येईल का, याचा अहवाल पाठवा. ज्या तालुक्यांत जंगल हटता हटत नाही, तिथं प्लास्टिकचं गवत लावायचं सरकारच्या मनात आलं.

त्या संध्याकाळी अमरीननं माफीपत्र लिहायला घेतलं. 'पुरेशी खातरजमा न करता मी बेजबाबदार विधान केले' इथपर्यंत आली आणि तिला रडू आलं. चूक केली असती तर तिनं आनंदानं लिहिलं असतं. पण नालीत तिनं स्वतःच्या डोळ्यांनी हिरवे तुकडे पाहिले होते.

शुक्रवारी सकाळी ती श्रीहरीसोबत बोडीवर गेली. श्रीहरीनं बाटली काढली, पिशवीतून पांढरं सुती फडकं काढलं, त्याची दुहेरी घडी बाटलीच्या तोंडावर ताणली आणि तो लोट्यानं वरून पाणी ओतू लागला.

"श्रीहरीभाऊ, हे काय करून राह्यले?"

"पाणी गाळून राह्यलो नं, मॅडम."

"सगळ्या बाटल्यांत असंच गाळलं?"

"मंग? तुमाले का घाण पाणी देऊ?" श्रीहरीला प्रश्नच कळला नाही. "बारा वर्षं नारू रोगाच्या मोहिमेत होतो मी. गावोगाव सांगत फिरलो, न गाळता पाणी कोनाले देऊ नका. आन मीच देऊ?"

अमरीननं पिशवीतून दुसरी बाटली घेतली. मग ती तिनं स्वतःच, फडकं न लावता, पाण्यात बुडवली. ती वर काढते तोच धुणं टाकून एक बाई धावत आली आणि तिनं बाटली हिसकावली. वस्तीतली बायनाबाई.

"शिकल्या-सवरल्या दिसता, बाई. असं गढूळ पाणी कोनी भरते का?" असं म्हणत तिनं बाटली उपडी केली आणि पदर लावून पुन्हा भरून दिली.

"मला गढूळच पाहिजे, मावशी."

"काऊन? गाळाले कष्ट पडते का? या श्रीहरीभाऊनंच तर शिकवलं आमाले."

श्रीहरी अभिमानानं पायांकडे पाहू लागला. तिसऱ्या बाटलीसाठी अमरीनला त्या दोघांना पाठमोरं उभं करावं लागलं.

"आणि फडक्यावर राहिलेलं कुठं टाकलं?" तिनं विचारलं.

"पाण्यात नाई टाकलं, मॅडम. नियम हाय. तिथी झटकलं, बाभळीखाली."

बाभळीखाली ओंजळभर हिरवं काहीतरी पडलं होतं, त्यात प्लास्टिकच्या गवतात पसरतात ते काळ्या रबराचे दाणे. बायनाबाईची शेळी आली, तिनं ते हुंगलं आणि तोंड वळवून निघून गेली. अमरीननं ते सगळं कागदात बांधून घेतलं. तिला शेळीचा मुका घ्यावासा वाटला.

शनिवारी गुणवंतराव माफीपत्र न्यायला पेढे घेऊनच आले. अमरीननं टेबलावर कागद उलगडला, शेजारी न गाळलेल्या पाण्याची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि वामनरावांना खुर्ची दिली. ते मोजू लागले. साठाच्या पुढं त्यांचा आवाज बारीक झाला आणि एकशे सातला ते थांबले.

"हे आमचंच गवत कशावरून?" गुणवंतरावांनी विचारलं.

"तुमच्या बुटाले लागलं हाय, ते जुळवून पाहा," श्रीहरी म्हणाला. त्यालाही आता या कामात रस वाटू लागला होता.

गुणवंतरावांनी पाय खुर्चीखाली घेतले. संध्याकाळपर्यंत नालीला जाळी बसवतो, असं सांगून ते पेढ्यांसकट निघून गेले. चौकटीतला कागद, शिक्का, वरच्या कार्यालयाचा फोन, सगळं वामनरावांच्या चेहऱ्यावर एकामागून एक येऊन गेलं.

"मॅडम," ते शेवटी हळूच म्हणाले, "ते माफीपत्र लिहिलं होतं का तुम्ही?"

"लिहिलं होतं, साहेब."

"फाडलं तर नाई नं?"

"नाही."

"मंग द्या इकडं," वामनरावांनी पेनाचं टोपण काढलं. "वरच्या कार्यालयाले पाठवाचं हाय. मजकूर तोच ठेवतो, फक्त नाव बदलतो."