होल्डवरचा डबा

"एक रुपया भरणार नाय!" केरूनानांनी सकाळी सकाळी चहाच्या टपरीवर जाहीर केलं. "चार तारखेला मोबाईल कंपनी बदलली, आणि जुनीचं शेवटचं बिल अख्ख्या महिन्याचं? वर मनोरंजन पॅक! अरे, माझं मनोरंजन कोणी केलं कधी? आठ दिवसांत कंपनीला नाक घासायला लावतो की नाय बघ!"

समोर बसलेल्या बहिरूने एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नानांबरोबर तीस वर्षं काढली होती. त्याने नुसती मान हलवली. नानांचे डोळे लाल होते, पण रागाने नव्हे. निवृत्त होऊन पाथर्डी फाट्याच्या नव्या फ्लॅटमध्ये आल्यापासून, म्हणजे गेले सात महिने, त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. सगळी हयात रात्रपाळी केलेला माणूस. झोपायचा दुपारी, क्वार्टरमध्ये, प्लँटच्या अखंड घरघरीत! इथे दुपारी इतकी शांतता, की भिंतीवरची पाल चाललेली ऐकू यायची. डॉक्टर झाले, जायफळ झालं, तळपायाला तेल झालं. झोप काही येईना!

तर त्या दुपारी नाना जेवून पलंगावर आडवे झाले आणि त्यांनी जुन्या कंपनीला फोन लावला. "आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे," असं एक बाई म्हणाली आणि बासरी सुरू झाली. संथ, लांबलचक, आणि तिच्या मागे लाइनची बारीक घरघर. घर्रर्र... नानांनी फोन स्पीकरवर टाकून उशाशी ठेवला. घर्रर्र... ही घरघर आपल्या ओळखीची आहे, असं मनात येईस्तोवर पापण्या जड झाल्या, आणि नाना थेट एकलहऱ्याला पोचले!

कूलिंग टॉवरची पांढरी वाफ पिंजलेल्या कापसासारखी खाली उतरत होती. नाना चपला हातात घेऊन त्या वाफेतून चालत होते. पायाखाली लोखंडी जिना कोमट लागत होता. भोंगा वाजत नव्हता, कोणी हाक मारत नव्हतं, कशाचीच घाई नव्हती.

सव्वातीनला जाग आली तेव्हा मेसेज येऊन पडला होता. 'ग्राहकाने प्रतिसाद न दिल्याने तक्रार बंद करण्यात आली आहे.'

"बंद म्हंजे काय?" नाना गरजले. पण चेहरा असा टवटवीत, की बायको सिंधुबाई बघतच राहिल्या!

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा बासरी. आणि नवल म्हणजे स्वप्न जिथे तुटलं होतं तिथून पुढे सुरू! तिसऱ्या दिवशी वाफ विरळ झाली. चौथ्या दिवशी लांबवर क्वार्टर दिसलं, आणि दारात हिरव्या साडीतली सिंधू, अवघी पंचवीस वर्षांची, हातात जेवणाचा डबा!

"मिटलं का?" बहिरू रोज विचारायचा.

"लढा चालूये!" नाना जांभई देत सांगायचे. या लढ्यात त्यांचं वजन दोन किलोने वाढलं होतं.

मग जुन्या कंपनीचा मेसेज आला, शुक्रवारपर्यंत बिल न भरल्यास नव्या कंपनीला कळवून नंबर बंद! सिंधुबाई हवालदिल झाल्या. "अहो, बँकेत हाच नंबर, गॅसला हाच नंबर! भरून टाका एकदाचं!"

"तत्त्वाचा प्रश्न हे!" असं म्हणून नाना तत्त्वासाठी चादर घेऊन आडवे झाले.

तो गुरुवार होता. स्वप्नात ते क्वार्टरपाशी पोचले. सिंधूने हसून डबा हातात दिला. नाना पायरीवर टेकले, डब्याच्या कडीला हात घातला...

"नमस्कार, मी निकिता बोलतेय. सर? हॅलो, सर?"

सरांचं घोरणं ऐकून मेथी निवडणाऱ्या सिंधुबाईंनी फोनवर झडप घातली. "ताई, चार तारखेला तुम्हाला सोडलंय, पॅक कुणी घेतलेला नाही, आणि आमचा माणूस घोरतोय. ऐकू येतंय ना?"

"येतंय, मॅडम. आधीच्या चारही रेकॉर्डिंगमध्ये येतंय."

तीन मिनिटांत अख्खं बिल माफ! सिंधुबाईंनी नानांना गदागदा हलवलं. "अहो उठा! जिंकलात तुम्ही!"

"अगं, काय केलंस हे!" नाना रडवेले झाले. "डबा उघडत होतो ना मी!"

शुक्रवारी नानांनी पुन्हा जुन्या कंपनीला फोन लावला. 'आपली कोणतीही तक्रार शिल्लक नाही. धन्यवाद.' खट्! नव्या कंपनीला लावला, तर पहिल्याच रिंगला एक पोरगा उत्साहाने ओरडला, "बोला सर!" असल्या तत्पर कंपनीचं करायचं काय?

तीन दुपारी नाना छताकडे बघत पडून राहिले. चौथ्या दुपारी सिंधुबाईंनी खोदून विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. वाफ, कोमट जिना, हिरवी साडी, न उघडलेला डबा.

सिंधुबाईंनी तीस वर्षं डबे भरले, त्यावर या माणसाने कधी बरा-वाईट शब्द काढला नव्हता. आणि आता आपल्या एका डब्यासाठी त्याची झोप उडाली होती! त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि जुन्या कंपनीला फोन लावून 'नवीन तक्रार'चं बटण दाबलं.

"ते बिल चुकून माफ केलंत हो तुम्ही. आम्हाला भरायचंय."

पलीकडे निकिताच होती. ती चाचरत म्हणाली, "मॅडम, अशी तक्रार याआधी आलेली नाही. वरिष्ठांना विचारावं लागेल. होल्डवर थांबाल?"

"थांबते की. सावकाश विचारा!"

बासरी सुरू झाली. सिंधुबाईंनी फोन नानांच्या उशाशी ठेवला, पडदा ओढला आणि शेजारी बसल्या. नानांचं कपाळ सैल झालं. श्वास लांबला. थोड्या वेळाने बोटं चादरीवर हलली, कडी काढल्यासारखी. चेहऱ्यावर हसू पसरलं. ओठ पुटपुटायला लागले. सिंधुबाईंनी जीव कानात गोळा करून कान अगदी जवळ नेला.

"सिंधू... भाजीत आजपण मीठ कमीच हे गं."

सिंधुबाईंनी तिथल्या तिथे फोन कट केला!