डोक्यावरचं तळं

बच्छाव काकांना चहा दिला की ते चहाबद्दल बोलतच नाहीत. एक घोट घेतात, तोंडात जरा फिरवतात, छताकडे बघतात आणि म्हणतात, "आज टाकीच्या तळाचं पाणी आलंय, वहिनी." आलं घाला, वेलची घाला, काही उपयोग नाही. आमच्या पुतणीच्या साखरपुड्यात सगळी पंगत जिलेबीचं कौतुक करत होती. ह्यांनी मठ्ठ्याचा घोट घेतला आणि भर पंगतीत विचारलं, "टँकर कुठून मागवला होता?" व्याह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

काका एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले. नोकरीभर ते तिथे पाणी शुद्ध करत होते. "बॉयलरला तुमचं-आमचं पाणी चालत नाही," ते सांगतात. "क्षार नको, गाळ नको, जीव नको. ज्यात काहीच नाही, तेच खरं पाणी." हे ते इतक्या अभिमानाने सांगतात की आपल्या माठाची आपल्यालाच लाज वाटावी.

जेल रोडवरच्या आमच्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर आणि आम्ही बरोबर त्यांच्या खाली. इतकी वर्षं खाली राहिल्यावर वरचं घर माणसाला कानांनी कळतं. काकू होत्या तेव्हा वर दिवसभर काहीतरी चालू असायचं. स्टूल ओढणं, डबे लावणं, आणि सतत बोलणं. त्या सटाण्याकडच्या, घरात अस्सल अहिराणी. दुपारी गॅलरीतून वाकून मला विचारायच्या, "जेवन व्हयनं का?" मी खालून म्हणायची, "झालं हो काकू!" त्या वैतागायच्या. "झालं नही, व्हयनं म्हन!" मी हसायची आणि पुन्हा "झालं"च म्हणायची. माझी जीभ काही वळली नाही.

मागच्या वर्षी काकू गेल्या. तेरावा होतो न होतो तोच काकांनी घर धुऊन काढलं. साड्या वाटल्या, मसाल्यांचे डबे रिकामे केले, लोणच्याच्या बरण्या कामवालीला दिल्या, पाटा-वरवंटासुद्धा देऊन टाकला. आम्ही बायका जिन्यात कुजबुजलो, "काय कोरडा माणूस आहे बाई!" मग वर सगळं चिडीचूप झालं. इतकं, की आमचे हे मान वर करून म्हणायचे, "आहेत ना गं ते वर?"

आणि मग एक दिवस काकांनी माशांची टाकी आणली.

टाकी म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येते ती नव्हे, की काचेचं खोकं, त्यात प्लास्टिकचं झाड आणि दोन सोनेरी मासे. ही दिवाणाएवढी. चढवताना चार माणसं आणि जिन्याचा कठडा कामाला लागला. काकांना त्यात पाण्याखालची बाग करायची होती. खरी झाडं, खरी माती, खरे दगड. "मासे कधी सोडणार?" असं कोणी विचारलं की म्हणायचे, "पाण्याला घाई चालत नाही."

मग जे सुरू झालं ते काय सांगू! इगतपुरीकडून नदीतले काळे दगड आले. ते पार्किंगमध्ये मांडून काका एकेकावर लिंबू पिळत बसले. दगडात चुना असला तर फेस येतो म्हणे. पण वॉचमनला हे कोण सांगणार? त्याला कापलेली लिंबं आणि काळे दगड तेवढे दिसले. दोन दिवस त्या कोपऱ्यात कोणी गाडी लावली नाही. मग गच्चीवर चूल मांडून एका पिंपात टाकीत ठेवायचं झाडाचं मूळ उकळलं. तळमजल्यावरच्या आजी हळूच येऊन विचारून गेल्या, "गुडघ्याला चालतो का हो हा काढा?" शेवटी झाडांसाठी गॅस आला. आपण श्वासातून फुकट बाहेर टाकतो तोच वायू ह्या गृहस्थाने नळकांड्यातून विकत आणला.

सगळं झाल्यावर मला बघायला बोलावलं. पाणी असं, की टाकी रिकामीच वाटावी. "एक कण नाही!" काका म्हणाले. कण नव्हताच. पण झाडं पिवळी पडून कुजत होती, आणि पहिले मासे आठवड्याभरात उलटे तरंगले. काका टाकीसमोर स्टुलावर तसेच बसून राहिले. नंतर कितीतरी आठवडे टाकीत मासा नव्हता. होतं ते गढूळ पाणी आणि काचेवर शेवाळ. माणूस रोज त्याच्याकडे बघत बसायचा.

आता माझं ऐका. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. पाचशे लिटर पाणी म्हणजे पाचशे किलो, वर दगड, माती, काच वेगळी. हे सगळं माझ्या हॉलच्या डोक्यावर. आणि बरोबर त्याखाली आमचे हे पेपर वाचत बसतात, म्हणजे काही झालं तर आधी ह्यांनाच कळणार. मला छताला भेग दिसली. हे म्हणाले, "अगं, ती आपण राहायला आलो तेव्हापासून आहे." मी म्हटलं, "असेल. पण तेव्हा वर तळं नव्हतं!"

मी सोसायटीत तक्रार केली. रविवारी मीटिंग ठरली. चेअरमन आहेर साहेब म्हणाले, "खालच्या मजल्याचा शब्द शेवटचा. तुम्ही नाही म्हटलंत तर टाकी हलवायला लावू. दुसरीकडे कुठे ठेवायची ते बच्छावांनी बघावं." दुसरीकडे म्हणजे कुठे? भंगारातच. ते मलाही कळत होतं, आहेरांनाही.

पण पाठीमागून काटा काढणाऱ्यातली मी नाही. शनिवारी दुपारी तोंडावर सांगायला म्हणून वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. बेलवर बोट ठेवणार, तोच आतून काकांचा आवाज आला.

"जेवन व्हयनं का वं? आज माले जरा उशीर व्हयना."

शब्द थेट काकूंचे! वाटलं, काकूंची बहीण आली असेल. दार ढकललं. हॉलमध्ये काका एकटेच, टाकीसमोर उकिडवे बसलेले, चिमटीत माशांचं खाणं. आणि टाकी! हिरवीगार झाली होती. उकळलेल्या मुळावर शेवाळाची मखमल चढली होती, आणि झाडांमधून नखाएवढ्या माशांचा थवाच्या थवा त्यांच्या बोटाकडे धावत होता.

मला बघून काका ओशाळले. उठायला गेले, गुडघा धरून परत बसले.

"कोणाशी बोलत होतात?" मी विचारलं. मला तरी कुठे थांबता येतं!

"ह्यांच्याशीच." त्यांनी माशांकडे बोट केलं. "घरात आम्ही दोघं असंच बोलायचो. पोरींना कळतं, पण त्या मराठीतच बोलतात. फोनवरही. ती गेल्यावर मी महिनोन्महिने अहिराणीचा एक शब्द बोललो नव्हतो, वहिनी. एकटा माणूस कोणाशी बोलणार?"

मी स्टुलावर बसले.

"पहिले मासे का मेले, माहितेय?" ते टाकीकडे बघत म्हणाले. "मी बॉयलरचं पाणी केलं. सगळं काढून टाकलं. जन्मभर तेच चांगलं पाणी समजत आलो. पण त्यात झाड जगत नाही आणि मासाही. थोडा गाळ लागतो, थोडं कुजलेलं लागतं, जुनं पाणी लागतं." मग अगदी हळू म्हणाले, "ती गेल्यावर घराचंही मी तेच केलं. तिचं काही दिसलं की त्रास व्हायचा, म्हणून सगळं काढून टाकलं. एक साडीसुद्धा ठेवली नाही. तेव्हा कळलं नाही हो मला."

ह्या माणसाला मी कोरडा म्हटलं होतं. मला रडूच आलं, आणि ते लपवायला मी छताला भेग पडल्याचं एकदम मोठ्या आवाजात सांगून टाकलं. काका घाबरून लगेच फरशीला कान लावून बसले.

रविवारी आहेर साहेबांनी विचारलं, "हं, खालचा मजला?" मी म्हटलं, "टाकी राहील. पण मधून हलवून भिंतीकडे घ्या, तुळईवर. इंजिनिअरला दाखवून." इंजिनिअरने होकार दिला, आणि अख्ख्या इमारतीने टाकी सरकवली. काका प्रत्येकाच्या मागे धावत होते. "पाणी मोरीत ओतू नका! जुनं पाणी टाकायचं नाही!" आजींच्या बादल्या, वॉचमनचं पिंप, माझी कणकेची परात, सगळं भरून ते पाणी जपून ठेवलं आणि पुन्हा टाकीत गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. वर दार उघडंच होतं. काकांचा आवाज आला, "जेवन व्हयनं का?"

मी वर तोंड केलं आणि ओरडले, "व्हयनं!"

जीभ जरा अडखळलीच. मला वाटलं, चुकलंच आपलं. मग वर स्टूल ओढल्याचा आवाज झाला, आणि कठड्यावरून काकांचं डोकं हळूच बाहेर आलं. डोळे भरलेले होते.

"भाजी काय व्हती?"

"भरीत," मी म्हटलं. "काकूंनी शिकवलं होतं तसं. थांबा, घेऊन येते."