बाइंडरकाकांच्या निरोपाच्या केकाची कैफियत

ग्रंथालयात जी मोहीम जाहली, तिची साद्यंत हकीकत मागाहून येणारांस कळावी, आणि साहेबांनी वार्षिक अहवालात "निरोप समारंभ आनंदात पार पडला" एवढ्या एका ओळीत ती गुंडाळून टाकली हा जुलूम दूर व्हावा, म्हणोन ही कैफियत लिहिली असे.

ग्रंथालयात बाइंडरकाका म्हणोन एक थोर कारागीर होते. सव्वीस वर्षे फाटक्या पुस्तकांस नवा कणा, नवा पुठ्ठा देऊन त्यांणी हजारो ग्रंथ मरणाचे दारातून माघारी आणिले. परंतु खुद्द त्यांचे जिवास बदाम, अक्रोड, काजू आणि पिस्ता ही चार घराणी कायमची वैरी. त्यांतील कणभर पोटी गेला की ओठ सुजावे, घसा मिटावा आणि श्वास कोंडावा, ऐसा प्रकार. ग्रंथालयाचे सुभ्यावर अंमल मुख्य ग्रंथपाल साहेबांचा. साहेबांची अक्कल अफाट. ती नेमकी कोठे सुरू होते, हे अद्याप कोणास सापडले नाही. अकरा वर्षांमागे एका वाढदिवसाचे दरबारी साहेबांनी फर्माविले, "घ्या हो काका, एका बिस्किटानं काय होतंय!" पुस्तकांची यादी ठेवणारी सूचीबाई तेव्हां नोकरीत नवी, हुकुमाची ताबेदार, तिणें ताट पुढे केले, काकांनी भिडेस्तव ते बदामाचे बिस्कीट खाल्ले आणि मग काका खुर्चीसकट उचलून इस्पितळी रवाना जाहले. तिसरे दिवशी परतले, तेव्हां साहेबांनी निवाडा दिला की माणूस नाटकी आहे. बाई मात्र त्या दिवसापासून काकांचे नजरेस नजर देईना.

पुढे काकांचे निवृत्तीचा दिवस मुक्रर जाहला, आणि साहेबांनी हुकूम सोडिला की बेकरीतून अक्रोडाचा केक आणवावा, काकांस फुले द्यावी, नाहीतरी ते खात नाहीत. हे ऐकोन बाईचे मस्तकी तिडीक गेली. केक मी करीन, ऐसे तिणें भर कचेरीत जाहीर केले आणि बेकरीचा हुकूम रद्द करविला. मग ती थेट काकांचे टेबलाशी गेली आणि काय काय टाळू म्हणोन विचारती जाहली. सव्वीस वर्षांत हा सवाल करणारे माणूस प्रथमच दाखल जाहले, सबब काका गडबडले.

"नको बाई, कशाला उगाच त्रास," म्हणाले, मग हळूच म्हणाले, "करणारच असाल तर पुडक्यांवरचे कागद फेकू नका. मी वाचीन."

रविवारी सकाळी मोहीम सुरू जाहली. डब्यांतील मैदा आणि साखर बडतर्फ, कारण अक्रोडाच्या पिठात बुडालेला चमचा त्यांत केव्हांच फितुरी करून आला होता. नवी सीलबंद पुडकी आणविली. चॉकलेटाच्या तीन जाती मुंगीच्या अक्षरांत "याच कारखान्यात बदामही हाताळले जातात" ऐसे कबूल करत्या जाहल्या, म्हणोन दुकानातच टाकून दिल्या, चौथी निष्पाप निघाली. लाकडी कालथा आणि जुनी चाळणी, ज्यांच्या फटींत गनीम वर्षानुवर्षे दडून बसतो, त्यांस माळ्यावर हद्दपार केले. ओटा, भांडी आणि साचा साबणाने व कढत पाण्याने दोन दोनदा घासिला.

बाईचे यजमान, हे घरचे मोठे मुत्सद्दी, अक्रोडांची वाटी मांडीवर घेऊन बैठकीत आरूढ होते. तेथून त्यांणी मसलत दिली की, "अगं, ओव्हनमध्ये सगळं जळून जातं." उष्णतेने गनीम मरत नसतो, उष्णतेने यजमानांची बुद्धीही कधी उमललेली नाही, बाईने साचा ओव्हनात सारिला. केक बाहेर आला, फुगलेला, सुगंधी. बाई हात पुसावयास वळली आणि तेवढ्या अवकाशात यजमानांनी केक शिजला की नाही हे बोट खुपसून अजमाविले.

"बोट कुठे होतं तुमचं?"

"वाटीत."

 बाईने तो अवघा केक, वाटी आणि यजमान ऐसे तिन्ही बाल्कनीत घालून दार लाविले, ओटा पुन्हा घासिला, भांडी पुन्हा धुतली, अंडी पुन्हा फोडिली आणि दुपारपावेतो दुसरा केक उभा केला.

सोमवारी डबा बंद, नवी सुरी कागदात, पुडक्यांचे कागद पाकिटात, ऐसा सरंजाम घेऊन बाई दाखल जाहली. झाकण निघते न निघते तोच साहेब मूठभर बदामाचे काप घेऊन चालून आले. "वरून जरा टाकू," म्हणाले, "फोटोत बरं दिसतं."

बाई मध्ये उभी राहिली. 

"साहेब, हात मागे घ्या."

"अहो, चार कापांनी काय होतंय?"

"मागच्या वेळी मी तुमचं ऐकलं होतं," बाई म्हणाली. साहेब तोंडाचा चंबू करून माघार घेते जाहले, आणि मागच्या टेबलावरून कोणी हाळी दिली, "साबणानं धुवा, साहेब!"

मग काकांनी चष्मा चढवून पाकिटातील एकेक कागद वाचिला. श्वास कोंडल्यास टोचावयाचे खिशातील इंजेक्शन चाचपिले. अवघी फौज उपाशी उभी राहिली, आणि साहेब ओल्या हातांनी रांगेत मागे उभे राहिले.

"कुठला तुकडा देऊ, काका?" बाईने त्यांचेकडे नीट पाहून विचारिले.

काकांनी केक चहूंबाजूंनी न्याहाळिला. "कडेचा," म्हणाले.

पहिला घास तोंडी गेला आणि पंचवीस माणसे काकांचे ओठांकडे टक लावून राहिली.  काका चावत थबकले.

"अहो, असे सगळे बघू नका," म्हणाले, "घास उतरेना."

तेव्हां प्रथम बाई हसली, मग कचेरी हसली. सव्वाबारा वाजता काकांनी दुसरा तुकडा मागितला, साडेबारास तिसरा, आणि श्वास पूर्ववत चालू होता. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, हे साक्षीनिशी नमूद केले असे.